सायकलचं चाक, श्रद्धेचं क्रेडिट

कॅट, जीआरई, बँकेची परीक्षा, नाहीतर कॅम्पस इंटरव्ह्यू. कारण कुठलंही असो, ती यादी कधी ना कधी तुमच्या हातात पडतेच. हजारभर अवघड इंग्रजी शब्द आणि शेजारी त्यांचे अर्थ. पहिल्या दिवशी चाळीस शब्द पाठ होतात, दुसऱ्या दिवशी पंचवीस, आणि तिसऱ्या दिवशी नेमकं प्रॅक्टिकल असतं. त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांना 'ए'पासून सुरू होणारे अवघड शब्द झोपेतही येतात आणि 'डी'च्या पुढे सगळा आनंदीआनंद असतो!

ही झाली गंमत. पण यादीबरोबर आणखी एक गोष्ट येते, आणि ती फारशी गमतीची नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकून शहरातल्या कॉलेजात आलेल्या मुलामुलींना विचारा. वर्गात उत्तर येत असतं, पण हात वर होत नाही. मागच्या बाकावर बसून मनात एकच हिशेब चालू असतो, की आपली दहा वर्षं 'चुकीच्या' भाषेत गेली आणि आता ती भरून काढायची आहेत. म्हणजे मराठी हे जणू डोक्यावरचं ओझं, ते उतरवल्याशिवाय इंग्रजी चढणार नाही.

आजचा हा लेख त्या हिशेबाविरुद्ध आहे. कारण त्या यादीतले कितीतरी शब्द ज्या सुट्या भागांपासून बनले आहेत, ते भाग तुमच्याकडे आधीपासून आहेत. फक्त ते ओळखायची सवय कुणी लावलेली नसते.

एकाच घरातले शब्द

'सायकलचं चाक' हे दोन शब्द घ्या. एक इंग्रजी, एक मराठी, असं आपण समजतो. 'सायकल' आला ग्रीक भाषेतल्या 'किक्लॉस'वरून, म्हणजे वर्तुळ किंवा चाक. आपलं 'चाक' आलं संस्कृत 'चक्र'वरून. आणि 'किक्लॉस' व 'चक्र' ही सख्खी भावंडं आहेत. एवढंच काय, इंग्रजीतलं 'व्हील'सुद्धा त्याच घरातलं. म्हणजे 'सायकलचं चाक' म्हणताना तुम्ही एकच शब्द दोनदा म्हणता!

हे कसं काय? हजारो वर्षांपूर्वी बोलली जाणारी एक भाषा होती. तिचा एकही लेख आज उपलब्ध नाही. अभ्यासक तिला आदि-इंडो-युरोपीय म्हणतात. तिच्यापासून एका बाजूला संस्कृत, फारसी या शाखा फुटल्या आणि दुसऱ्या बाजूला ग्रीक, लॅटिन, जर्मन, इंग्रजी. मराठी ही संस्कृत-प्राकृताच्या बाजूची लेक. इंग्रजी जर्मन बाजूची, पण तिने लॅटिन आणि ग्रीकमधून पोत्याने शब्द उचलले. परीक्षेच्या यादीतले अवघड शब्द बहुतेक या उचललेल्या मालातलेच असतात.

हे साम्य फार पूर्वी ज्यांच्या लक्षात आलं, त्यांतल्या एकाचं नाव मराठी वाचकांना परिचयाचं आहे. ते म्हणजे 'क्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज माणूस गोव्यात राहिला आणि मराठीत हजारो ओव्या लिहून गेला. त्याने १५८३ मध्ये गोव्याहून आपल्या भावाला पत्र पाठवलं आणि इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, असं त्यात नोंदवलं. पुढे १७८६ मध्ये सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत भाषण करताना संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, हे जाहीरपणे मांडलं आणि या अभ्यासाला जोर आला.

एक मात्र लगेच स्पष्ट करूया. 'सगळ्या भाषा संस्कृतमधून निघाल्या' असा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आला असेल. तसं नाही. संस्कृत आणि लॅटिन बहिणी आहेत, मायलेकी नाहीत. पण बहिणींचे चेहरे जुळतात, आणि आपल्या कामासाठी तेवढं पुरेसं आहे.

अक्षरं बदलण्याचा खेळ

भावंडं ओळखायची तर चेहरा कुठे बदलतो हे कळायला हवं. हा बदल वाटेल तसा होत नाही. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये त्याचे नियम मांडले. सगळे नियम शिकायची गरज नाही. तीन जोड्या लक्षात ठेवल्या तरी भरपूर काम होतं.

पहिली जोडी: 'प'चा 'फ'. संस्कृत आणि लॅटिन-ग्रीकमध्ये 'प' असेल, तर अस्सल इंग्रजी शब्दात 'फ' दिसतो. पितृ, पॅटर्नल, फादर. पद, पेडल, फूट. पंच, पेंटॅगॉन, फाइव्ह. पूर्ण, प्लेनरी, फुल. 'पूर्ण'च्या घरातच 'रिप्लीट' आणि 'प्लेथोरा' हे यादीतले लाडके शब्द राहतात. एक म्हणजे काठोकाठ भरलेलं, दुसरा म्हणजे गरजेपेक्षा जास्त, रेलचेल.

दुसरी जोडी: 'द'चा 'ट'. दंत, डेंटल, टूथ. द्वि, ड्युअल, टू. दश, डेसिमल, टेन.

तिसरी जोडी सगळ्यांत मजेदार आहे. संस्कृतमध्ये 'श', लॅटिनमध्ये 'क' आणि इंग्रजीत 'ह'. शिंग घ्या, मूळ संस्कृत 'शृंग'. लॅटिनमध्ये 'कॉर्नू', इंग्रजीत 'हॉर्न'. म्हणून 'युनिकॉर्न' म्हणजे एकशिंग्या, आणि डोळ्यातला 'कॉर्निया' शिंगासारख्या चिवट पडद्यावरून. श्वान, केनाइन, हाउंड. शत, सेंट, हंड्रेड. 'सेंट'चा उच्चार आज 'स'ने होतो, पण जुन्या लॅटिनमध्ये तो 'क'नेच होत असे.

आता याच नियमाने एक जरा अवघड जोडी सोडवूया. 'श्रद्धा' या शब्दातल्या 'श्र'च्या जागी 'क्र' ठेवा. काय मिळालं? लॅटिन 'क्रेडो', म्हणजे मी विश्वास ठेवतो. त्यातून निघालं 'क्रेडिट'. दुकानदार उधार देतो किंवा बँक कार्ड देते, ती तुमच्यावरची श्रद्धाच! आता यादीतले शब्द बघा. 'क्रीडन्स' म्हणजे एखाद्या गोष्टीला दिलेला विश्वास. 'क्रेड्युलस' म्हणजे भोळा, पटकन श्रद्धा ठेवणारा. 'इन्क्रेड्युलस' म्हणजे ऐकलेल्यावर विश्वास बसत नाही असा. 'इन्क्रेडिबल' तर तुम्ही रोजच म्हणता. चार शब्द, एक नातं, पाठांतर शून्य.

पाय धरा, अर्थ सापडेल

कुठलंही एक मूळ हातात घेऊन त्याच्या मागे मागे जाणं ही सवय लागली, की मजा यायला लागते. 'पद' म्हणजे पाय, लॅटिनमध्ये 'पेड'. 'पेडेस्ट्रियन' म्हणजे पादचारी, हे रस्त्यावरच्या पाटीमुळे माहीत असतं. पण परीक्षेत हाच शब्द 'नीरस, सामान्य' या अर्थाने येतो आणि विकेट जाते. पायी चालणारं ते साधं, घोड्यावरचं ते भारी, असा जुन्या काळचा भेद मनात आणला की हा अर्थही लक्षात राहतो.

आता 'इम्पीड' बघा. मूळ अर्थ पायांत बेडी अडकवणं. मराठीत आपण काय म्हणतो? 'कामात खोडा घातला.' खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड. रोमनांच्या आणि आपल्या पूर्वजांच्या डोक्यात अडथळ्याचं अगदी एकच चित्र होतं. मग 'एक्स्पिडाइट' म्हणजे? पाय मोकळे करणं, म्हणून काम लवकर मार्गी लावणं. 'पेडिग्री' म्हणजे वंशावळ, आणि मूळ फ्रेंच अर्थ करकोच्याचा पाय. जुन्या वंशावळींत पिढ्या दाखवणाऱ्या फाटे फुटलेल्या रेषा त्या पक्ष्याच्या पायासारख्या दिसायच्या, त्यावरून हे नाव.

बुद्धिबळ खेळता? इंग्रजी 'पॉन' आला लॅटिनमधल्या पायी चालणाऱ्या सैनिकावरून. आपलं 'प्यादं' आलं फारसीतल्या 'पियादा'वरून, आणि त्याचाही अर्थ तोच. पटाच्या दोन्ही बाजूंना एकाच 'पाया'ची दोन रूपं उभी असतात. 'पायोनिअर'सुद्धा आधी सैन्याच्या पुढे जाऊन वाट तयार करणारा पायदळातला शिपाई होता.

शाळेतलं वृत्तांचं प्रकरण आठवतंय? लघु आणि गुरू अक्षरं मोजून आपण वैतागायचो. तेच इथे उपयोगी पडतं. गुरू म्हणजे जड. त्याचं लॅटिन भावंड 'ग्रॅव्हिस'. म्हणून 'ग्रॅव्हिटी' आणि 'गुरुत्वाकर्षण' या दोघांत एकच 'गुरू' बसलेला आहे. 'ग्रेव्ह' म्हणजे गंभीर, 'ॲग्रव्हेट' म्हणजे आधीच जड असलेलं आणखी जड करणं, 'ग्रीफ' म्हणजे मनावरचा भार. लघु म्हणजे हलकं. त्याचं लॅटिन भावंड 'लेविस'. त्यातून 'एलिव्हेट' म्हणजे वर उचलणं, 'अलिव्हिएट' म्हणजे दुःखाचा भार हलका करणं, आणि 'लेव्हिटी' म्हणजे गंभीर प्रसंगी केलेला हलकेपणा, थिल्लरपणा. इंग्रजी 'लाइट'ही 'हलका' या अर्थाने लघूचाच भाऊ.

काही भावंडं तर एका ओळीत सांगून होतात. इग्नाइट आणि अग्नी. नॉक्टर्नल आणि नक्त. मॉर्टल आणि मृत्यू. ऑस्टिओपोरोसिसमधला 'ऑस्टिओ' आणि अस्थी. 'मसल'चा मूळ अर्थ छोटा उंदीर, कारण दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो, आणि तो लॅटिन 'मुस' आपल्या मूषकाचा नातलग. जिममध्ये आरशासमोर उभं राहाल तेव्हा आठवा! 'कँडल', 'कँडिड' आणि 'चंद्र' एकाच उजेडाचे. त्याच घरातला 'कँडिडेट', कारण रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस पांढराशुभ्र अंगरखा घालून फिरायचा. आपल्याकडच्या उमेदवारांचे पांढरे कपडे बघता हा शब्द विसरणं शक्य नाही.

अ, अन् आणि दुर्

आपल्या व्याकरणातले उपसर्गही ग्रीकमध्ये भेटतात. नकार दाखवणारे 'अ' आणि 'अन्' तिथेही तसेच आहेत. 'ॲटम' म्हणजे ज्याचे तुकडे करता येत नाहीत ते. 'अनार्की' म्हणजे जिथे राज्यकर्ताच नाही. 'ॲनॉनिमस'मधला पुढचा भाग ग्रीक 'ओनिमा', म्हणजे चक्क आपलं 'नाम'. ॲनॉनिमस म्हणजे अनाम! करंगळीशेजारच्या बोटाला आपण अनामिका म्हणतो, ती त्याच अर्थाने बिननावाची. मग 'स्यूडोनिम' म्हणजे खोटं नाव, टोपणनाव, हे सांगायची गरजच उरत नाही.

'ॲमेथिस्ट' हा जांभळा खडा अंगठीत पाहिला असेल. ग्रीक लोकांची समजूत होती, की तो जवळ ठेवला की दारू चढत नाही. म्हणून 'अ' अधिक 'मेथी'. ही 'मेथी' भाजीतली नव्हे, तर ग्रीक भाषेतली मदिरा, आणि ती आपल्या 'मधु'ची बहीण.

संस्कृत 'दुस्', 'दुर्' म्हणजे वाईट, कठीण. ग्रीकमध्ये त्याचा झाला 'डिस'. डिस्लेक्सिया, डिस्टोपिया आणि डिस्पेप्सिया. यातला 'पेप्सिस' म्हणजे पचन, आणि तो 'पच्' या धातूचाच नातलग. तेव्हा डिस्पेप्सिया म्हणजे शब्दशः दुष्पचन. अमेरिकेतल्या एका औषधविक्रेत्याने १८९८ मध्ये आपल्या पेयाला याच शब्दावरून नाव दिलं, पेप्सी-कोला. पुढच्या वेळी बाटली उघडताना आधी पचनाची आठवण काढा.

सारखं दिसलं म्हणजे नातं नव्हे

या खेळात एक धोका आहे. एकदा चटक लागली की सगळीकडे भावंडं दिसायला लागतात. 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा उच्चार जवळजवळ सारखा, अर्थही सारखा. तरी त्यांचं काही नातं नाही, निव्वळ योगायोग. उलट 'चक्र' आणि 'व्हील' ऐकायला एकमेकांचे कुणीच लागत नाहीत, पण आहेत सख्खे. म्हणून कानावर भरवसा ठेवू नका, शब्दकोश उघडा.

दुसरा धोका म्हणजे मोबाइलवर फिरणाऱ्या गोष्टी. 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, हे कितीदा ऐकलंय? साफ खोटं. न्यूज म्हणजे नव्या गोष्टी, 'न्यू'चं अनेकवचन, आणि तो 'न्यू' आपल्या 'नव'चा भाऊ. तशीच 'पॉश'ची गोष्ट. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या श्रीमंत प्रवाशांना जाताना बोटीची डावी आणि परतताना उजवी बाजू, म्हणजे सावलीतल्या केबिन मिळत, आणि तिकिटावर त्याची आद्याक्षरं असत म्हणे. गोष्ट झकास आहे, पण असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. अक्षरांची फोड करून सांगितलेली कुठल्याही जुन्या शब्दाची गोष्ट आली, की जरा 'इन्क्रेड्युलस' व्हा.

तिसरी गोष्ट, मूळ अर्थ म्हणजे आजचा अर्थ नव्हे. 'नाइस' हा शब्द लॅटिनमधल्या 'अजाण'वरून आला आणि सुरुवातीला इंग्रजीत त्याचा अर्थ मूर्ख असा होता. आज मैत्रिणीला 'नाइस' म्हणताना तो अर्थ कुणाच्या मनात नसतो. मूळ हे लक्षात ठेवण्यासाठी असतं. वापर मात्र आजच्या वाक्यांतूनच शिकायचा.

आपल्याकडून गेलेले

शब्द इथूनही तिकडे गेले. 'मंगूस' हा इंग्रजी शब्द मराठी 'मुंगूस'वरूनच गेला. म्हणून 'गूस'चं अनेकवचन 'गीझ' झालं, तरी 'मंगूस'चं 'मंगूसेस'च होतं, कारण त्यात बदकाबिदकाचा काही संबंध नाही. 'डंगरीज' हे नाव मुंबईतल्या डोंगरीशी जोडलेल्या जाड्याभरड्या कापडावरून आलं. आणि सगळ्यांचा आवडता 'सेरेन्डिपिटी', म्हणजे न शोधता सापडलेली छान गोष्ट! हा शब्द होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने १७५४ मध्ये एका पत्रात घडवला, सेरेन्डिपच्या तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून. सेरेन्डिप म्हणजे श्रीलंका, मूळ 'सिंहलद्वीप'. शब्दातला 'डिप' म्हणजे आपलं 'द्वीप'.

आणि आपण? 'पगार' आणि 'घमेलं' पोर्तुगीजांकडून घेतले. 'बटाटा' तर कॅरिबियन बेटांवरच्या शब्दापासून स्पॅनिश-पोर्तुगीज मार्गे आपल्या वड्यात येऊन बसला, आणि 'पोटॅटो'ही त्याच शब्दाचं रूप. उसनवारी सगळ्यांचीच चालू असते. इंग्रजीची जरा जास्त, एवढंच. तिला लाज वाटत नाही, तर आपण का लाजायचं?

करायचं काय?

यादी फाडू नका, पण तिची पद्धत बदला. आठवड्याला पाचच शब्द घ्या. एक वही करा. प्रत्येक शब्दासाठी चार गोष्टी लिहा: शब्दाचे तुकडे, त्याची इंग्रजीतली भावंडं, मराठीत कुणी नातलग असेल तर तो किंवा त्या अर्थाची म्हण, आणि तुम्ही स्वतः कुठेतरी वाचलेलं एक वाक्य. चौथी गोष्ट चुकवू नका. पाच शब्दांची भावंडं मिळून वीस होतात, आणि एकाला हाक मारली की बाकीचे मागून येतात.

साधनं फुकट किंवा स्वस्त आहेत. ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी मोबाइलवर उघडते. नॉर्मन लुइस यांचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' १९४९ पासून मुळांवरूनच शब्द शिकवतंय. पदपथावर जुनी प्रत मिळते. आणि मराठीसाठी कॉलेजच्या लायब्ररीत दोन जाड पुस्तकं मागा: मोल्सवर्थचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश, बहुधा त्याची १८५७ ची आवृत्ती हाती लागेल, आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश'. ग्रंथपाल आधी तुमच्याकडे बघत राहतील, मग खूश होतील.

शेवटचा सल्ला शब्द कुठे वापरायचे याबद्दल. रोमन कवी होरेसने लांबलचक शब्दांना गमतीने 'दीड फुटी' म्हटलं होतं. त्यावरून इंग्रजीत 'सेस्क्विपिडेलियन' हा तेवढाच लांब शब्द आला. त्यातही 'पाय' दिसला ना? असे दीडफुटी शब्द इंटरव्ह्यूत फेकले की समोरचा प्रभावित होत नाही, सावध होतो. मराठीतही दीडशहाणा हे काही कौतुक नव्हे. वाचताना अवघड शब्द कळला पाहिजे, बोलताना सोपा सुचला पाहिजे. पुढच्या वेळी वर्गात उत्तर येत असेल तेव्हा याद्या आठवू नका. हात वर करा आणि येतील त्या साध्या शब्दांत बोला.

आणि हो, आज वहीचं पहिलं पान सुरू करायचं असेल तर हे घ्या: 'व्हिडिओ', 'एव्हिडन्ट', 'वाइज' आणि 'विट'. चारही एकाच मुळाचे, अर्थ पाहणं आणि जाणणं. मराठीतला नातलग तुम्हीच शोधा. तो तुमच्या आयकार्डावर छापलेल्या 'विद्यार्थी' या शब्दात आहे!